चार दिवसांत कच्छचं रण: ७७ वर्षांच्या बाबांना घेऊन जायचंय

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

२६ जानेवारी सोमवारी येतोय. त्याला शुक्रवारची रजा जोडून बाबांना कच्छच्या रणात न्यायचं म्हणतेय. बाबा ७७ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. तब्येत ठणठणीत, पण उजवा गुडघा कुरकुरतो. सपाटीवर काठी टेकत अर्धा-पाऊण तास चालतात, पायऱ्या मात्र एकेक करून. सोबत मी आणि माझा सातवीतला मुलगा.

रणच का, ते सांगते. बाबा प्राथमिक शाळेत होते तेव्हा, म्हणजे १९५६ ते १९६० या काळात, कच्छ मुंबई राज्यात होता. भूगोलाच्या वहीत कच्छपासून चांद्यापर्यंतचा नकाशा काढावा लागे. समुद्राला निळी पेन्सिल, जमिनीला पिवळी. वरच्या डाव्या कोपऱ्यात मात्र गुरुजी नुसते ठिपके द्यायला लावत आणि त्यावर लिहायला सांगत, 'रण'. बाबांनी विचारलं, "गुरुजी, हा समुद्र की जमीन?" गुरुजी म्हणाले, "दोन्ही." पुढे १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि तो कोपरा वहीतून गेला. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मागच्या महिन्यात टीव्हीवर पांढरं रण दाखवत होते, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "तो कोपरा बघायचा राहिला."

एका प्रवास कंपनीने दिलेला कार्यक्रम असा: पहिला दिवस भुज आणि मांडवी. दुसरा पांढऱ्या रणाकाठचं धोरडो, रात्री तंबू. तिसऱ्या दिवशी काळा डुंगर, धोलावीरा (हडप्पा काळातल्या नगराचे अवशेष) आणि रात्री परत भुज. चौथा लखपत, आणि रात्रीची गाडी. हे बाबांना झेपेल का? तंबूत राहणं गरजेचं आहे का? परवान्याचं काय असतं? आणि जानेवारीत रण कोरडं असतं ना?

माळटिटवी

ताई, हा कार्यक्रम तिशीतल्या माणसालाही झेपणार नाही. लखपत भुजपासून पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरहून लांब, धोलावीरा पार उलट्या दिशेला, मांडवी दक्षिणेला. चारही दिवस बाबा गाडीच्या खिडकीतून गांडो बावळच बघत बसतील. (गांडो बावळ म्हणजे वेडी बाभूळ. १९६०च्या दशकात लावली आणि बन्नीच्या गवताळ पट्ट्यातलं गवत खात सुटली.)

मांडवी आणि लखपत काढून टाका. सविस्तर कोणीतरी लिहीलच.

मुलुंडचा कच्छी

मी लिहितो. आमचं मूळ गाव भुजजवळ, मी वाढलो मुलुंडला. दर हिवाळ्यात जातो.

आधी पोहोचणं. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी कच्छ एक्सप्रेस सकाळी भुजला सोडते. गुरुवारी रात्रीची घ्या, शुक्रवारी सकाळी भुज. जोडसुट्टीची तिकिटं आजच बघा. गाडी आणि चालक भुजहूनच घ्या, चारही दिवसांसाठी एकच. भुजमध्येच टाकी भरून घ्यायला सांगा, एटीएममधून पैसेही तिथेच काढा. पुढे फोनची रेंज येते-जाते, त्यामुळे मोबाइलवरून पैसे देण्यावर अवलंबून राहू नका.

परवाना: भुजहून उत्तरेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर भिरंडियारा लागतं, चौकी तिथे आहे. परवाना ऑनलाइनही काढता येतो. प्रत्येकाचं ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ ठेवा, मुलाचंही. सरहद्दीचा भाग आहे. खावड्याच्या पुढे इंडिया ब्रिजपलीकडे सीमा सुरक्षा दलाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, तिकडे गाडी वळवायला सांगू नका.

भिरंडियाऱ्यालाच रस्ता फुटतो. डावीकडे होडको, धोरडो आणि पांढरं रण. सरळ गेलात की खावडा. आणि खावड्यापासून पूर्वेला धोलावीऱ्याकडे जो नवा रस्ता झालाय, तो तीसेक किलोमीटर थेट रणातून जातो. पूर्वी धोलावीऱ्याला जायचं तर भचाऊ आणि रापरवरून मोठा वळसा, दोनशे किलोमीटरच्या वर. आता भुज ते धोलावीरा सुमारे एकशेचाळीस. बाबांना जो कोपरा बघायचाय तो या रस्त्यावर दिसेल. गाडीतून उतरलं की दोन पावलांवर रण. पायऱ्या नाहीत, रांग नाही, ढोल नाहीत.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: कंपनीचा कार्यक्रम उलटा करा. आधी धोलावीरा, तिथे दोन रात्री, शेवटी धोरडोला एक. धोलावीरा 'जाऊन परत' करायची जागा नाही.

मावा भिरंडियाऱ्याला खा. म्हशीच्या दुधाचा, तिथेच आटवतात.

पूर्वा डोंबिवली

मी थोडी असहमत. आम्ही मागच्या वर्षी धोरडोच्या तंबूत राहिलो, सासूबाई ७० च्या. व्यवस्था उत्तम होती: गरम पाणी, जेवण, संध्याकाळी लोककलाकार. वाहनतळापासून रणापर्यंत उंटगाडी जाते, त्यामुळे चालावं लागत नाही. धोरडोला २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गाव म्हणून निवडलंय, ते उगाच नाही. धोलावीऱ्यात मुलगा कंटाळेल. दगडच दगड आहेत. आम्ही पाऊण तासात बाहेर पडलो.

मुलुंडचा कच्छी

पूर्वाताई, पाऊण तासात दगडच दिसणार. आणि तुम्ही दुपारी गेला असणार, बरोबर?

पूर्वा डोंबिवली

हो, दीड वाजता. सावली कुठेच नव्हती, हे खरं.

विहीरवाला

धागा वाचून राहवलं नाही. ताई, तुमचे बाबा पाटबंधारे खात्यातले आहेत, हे तुम्ही एका ओळीत सांगून टाकलंत. पण अख्खी सहल त्याच एका ओळीवर ठरवायला हवी!

मी भूजलाच्या कामात आहे. धोलावीरा हे माझ्यासाठी आधी पाण्याचं गाव आहे, मग हडप्पाचं. खडीर बेटावर ते वसलंय आणि चारही बाजूंनी रण आहे. पाऊस वर्षाला तीनशे मिलिमीटरच्या आत, तोही बेभरवशाचा. बारमाही नदी नाही. नगराच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर, हे दोन ओढे, आणि दोन्ही पावसाळ्यापुरतेच. मानसरपासून मनहरपर्यंत जमीन जवळजवळ १३ मीटर उतरते. त्या लोकांनी ओढ्यांवर बंधारे घातले आणि उताराचा फायदा घेत तटाच्या आतून एकाखाली एक जलाशयांची माळ खोदली. काही ठिकाणी थेट कातळात. पूर्वेकडचा जलाशय सुमारे ७३ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद, खोली दहा मीटरपर्यंत. बालेकिल्ल्यावर पडलेलं पाणीसुद्धा दगडी गटारांतून गोळा केलेलं आहे. हे साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वी!

मोहेंजोदडोला भाजलेल्या विटा, इथे घडवलेला दगड. जगत पती जोशींनी १९६०च्या दशकात ही जागा शोधली, १९९० पासून रवींद्रसिंह बिश्त यांच्या नेतृत्वाखाली मोठं उत्खनन झालं, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं. मुलाला उत्तर दरवाजाची गोष्ट सांगा: तिथे दहा मोठ्या चिन्हांची पाटी सापडली. लाकडी फळीवर जिप्समचे तुकडे जडवून केलेली अक्षरं. फळी कुजून गेली, अक्षरं मातीत ओळीने तशीच राहिली. काय लिहिलंय ते आजवर कुणाला वाचता आलेलं नाही. सातवीतल्या मुलाला यापेक्षा मोठं कोडं कुठून देणार?

गुडघ्यासाठी: सकाळी दार उघडताच आत शिरा. बालेकिल्ल्यावर चढायचा हट्ट नको. पूर्वेकडचा जलाशय वरच्या काठावरूनही पूर्ण दिसतो. आणि एक घडीचं स्टूल सोबत न्या. आत बसायला जागा मिळेलच असं नाही, आणि बाबांना एकाच जागी बराच वेळ थांबावंसं वाटणार आहे.

गोदाकाठ

विहीरवालादादा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचला आणि विचारलं, "सांडवा कुठे आहे म्हणतात?" तेव्हा धोलावीरा पक्कं! लखपत गळल्याचं कळल्यावर मात्र जरा हळहळले.

माळटिटवी

काकांना सांगा, लखपतसाठी वेगळं या. सिंधूच्या मुखाशी गजबजलेलं बंदर होतं ते. १८१९च्या भूकंपात जमीन उचलली गेली, पाण्याची वाट बदलली आणि बंदर ओस पडलं. सात किलोमीटरचा तट आजही उभा आहे, आत मोजकी घरं. तिथेही घाईने जाऊ नये.

पाण्याबद्दल: रण वाळूचं वाळवंट नाही. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा समुद्राचं पाणी आत ढकलतो, लुणी आणि बनास नद्यांचं पाणी वरून येतं आणि सगळं उथळ तळं होतं. पावसाळा सरला की ते आटत जातं, मीठ वर उरतं. पाऊस उशिरापर्यंत झाला तर डिसेंबरातही पाणी असतं. जानेवारीअखेर बहुतेक भाग वाळलेला, तरी त्या रणातल्या रस्त्याच्या कडेने पाणी राहतं, आणि पाणी आहे तोवर पक्षी आहेत. रोहित, झोळीवाले, करकोचे. दुर्बीण न्या. पाणी नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, आहे म्हणूनही नाही.

मिठावर चालताना पायाखालचा थर बघा. रंग मळकट दिसला की थांबा, खाली चिखल असतो. ओळखीच्या एकाची गाडी चाकापर्यंत रुतली होती, बाहेर काढायला ट्रॅक्टर आणावा लागला. गाडी रस्त्यावरून खाली उतरवायचीच नाही.

दख्खनी

पौर्णिमेला जायला हवं ना? सगळे तेच सांगतात.

माळटिटवी

पौर्णिमेचं कौतुक खरं आहे. पश्चिमेला सूर्य टेकतो आणि पूर्वेला त्याच वेळी चंद्र वर येतो, मध्ये एकही झाड नाही. पण त्या रात्री गर्दीही तशीच. ताईंच्या तारखांना शुद्ध अष्टमीच्या आसपासचा चंद्र आहे. संध्याकाळी डोक्यावर असेल आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळेल. म्हणजे रात्री चांदण्यातलं मीठ आणि पहाटे उठलात तर काळंकुट्ट आकाश, दोन्ही मिळतं. स्वेटर, कानटोपी आणि बाबांना लोकरीचे पायमोजे हवेतच. रात्री पारा दहाच्या खाली सहज जातो.

शेवंता

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नरसोबाच्या वाडीचे. काळ्या डुंगरावर दत्तमंदिर आहे हे इथे कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहिते. कच्छमधलं सर्वात उंच ठिकाण, साडेचारशे मीटरच्या वर. आख्यायिका अशी की दत्तात्रेयांनी भुकेल्या कोल्ह्यांना आपलं अंग देऊ केलं, "ले अंग" म्हणून. आजही आरतीनंतर ओट्यावर कोल्ह्यांसाठी प्रसादाचा भात ठेवतात. गाडी वरपर्यंत जाते. आपला दत्त इतक्या दूर, खाली पांढरं रण पसरलेलं, आणि त्याच्या पानावर पहिला हक्क कोल्ह्यांचा. मला तिथे रडू आलं होतं. काकांना नक्की न्या.

मुलुंडचा कच्छी

शेवंताताई, धन्यवाद, ते राहूनच गेलं. गोदाकाठताई, सूर्यास्त काळ्या डुंगरावर की धोरडोला, यातलं एकच निवडावं लागेल. धोलावीऱ्याहून परतताना दुपारी डुंगर करा आणि संध्याकाळी धोरडो.

शेवटच्या रात्रीसाठी पूर्वाताईंचे तंबू चांगले आहेतच, मी खोडून काढत नाही. पण होडकोला गावानेच चालवलेली राहायची जागा आहे, तिथले भुंगे (इथली पारंपरिक घरं) बघा. गोल, मातीच्या भिंती, वर गवताचं शाकार, आतून आरशांचं लिंपण. १८१९च्या भूकंपानंतर गोल घरं बांधण्याची रीत इथे रुजली असं सांगतात. २००१च्या भूकंपात शहरातल्या इमारती कोसळल्या, पण अनेक भुंगे उभे राहिले.

आणि एक. २६ जानेवारीला तुम्ही कच्छमध्ये आहात. २००१ मध्ये त्याच दिवशी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी आमचं सगळं गेलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो, मुलुंडला शाळेत झेंडावंदन चालू होतं. घरी आलो तर आई फोनपाशी बसलेली, आणि फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी कळलं की मामांचं घर राहिलं नाही. अंजारला तर प्रभातफेरीला निघालेली शाळेची मुलं गेली. भुजिया डुंगरावर २०२२ मध्ये स्मृतिवन उभं राहिलंय. आतल्या संग्रहालयाचा सुट्टीचा वार आधी बघून ठेवा. बंद असलं तरी डुंगरापाशी पाच मिनिटं थांबा, एवढीच विनंती.

दख्खनी

धोलावीऱ्याला दोन रात्री म्हणजे दुसरा अख्खा दिवस काय करायचं?

विहीरवाला

सकाळी अवशेष, मग संग्रहालय, दुपारी जेवून झोप. चारनंतर छापरियाजवळच्या जीवाश्म उद्यानाकडे. तिथे ज्युरासिक काळातल्या झाडांचे ओंडके दगड होऊन पडलेत आणि समोर रण आहे. सूर्यास्त तिथेच. वयस्क माणसासोबत यापेक्षा जास्त काही ठरवू नये.

गोदाकाठ

(सहलीनंतर)

आलो परत! सगळ्यांना बाबांचा नमस्कार. लिहायला उशीर झाला, पण वृत्तांत द्यायचा शब्द दिला होता.

शुक्रवारी भुजला उतरलो, नाश्ता केला आणि निघालो. भिरंडियाऱ्याला परवाना दहा मिनिटांत, मावा पंधरा मिनिटांत. खावडा मागे पडला आणि तो रस्ता सुरू झाला. डावीकडे पाणी होतं, घोट्याएवढं असेल, त्यात रोहितांचा थवा. उजवीकडे पांढरं, नजर पोहोचेपर्यंत. गाडी कडेला घेतली. बाबा उतरले, काठीने मिठाचा थर टोचला. वर बोटभर पांढरं, खाली काळा चिखल. काठी वीतभर आत गेली आणि बाहेर काढताना चिखलाने ओढून धरली. बाबांनी टोक बोटाने पुसलं, जिभेला लावलं, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. गाडीत बसताना म्हणाले, "गुरुजी बरोबर सांगत होते."

शनिवारी धोलावीऱ्यात आम्ही सगळ्यांत आधी आत शिरलो. विहीरवालादादा, ते स्टूल नसतं तर काय झालं असतं! बाबा पूर्वेच्या जलाशयाच्या काठावर सव्वा तास बसून होते. पाणी येत असेल ती बाजू त्यांनी हातानेच दाखवली आणि तिथल्या राखणदाराला विचारलं, "भरलं की पुढे कुठे जायचं?" तो त्यांना सावकाश दक्षिणेकडच्या कातळातल्या जलाशयांपर्यंत घेऊन गेला. एक हिंदी बोलतोय, दुसरा कच्छीमिश्रित गुजराती, आणि दोघांचं पाण्याबद्दल एकमत. मुलाने त्या दहा चिन्हांतली सहा वहीत उतरवलीत आणि चाकासारखं चिन्ह चार वेळा येतं, हे स्वतः शोधून काढलंय. पूर्वाताई, तो कंटाळला नाही. पण अकरानंतर ऊन खरंच सोसवत नाही, तुमचं तेवढं अगदी खरं.

रविवारी काळा डुंगर. कोल्हे दिसले नाहीत, दुपारच होती. बाबा दर्शनाला बसले आणि मी खाली पसरलेलं रण बघत उभी राहिले. संध्याकाळी धोरडोला उंटगाडीने आत गेलो. गर्दी होती, गाणी मोठ्याने लावलेली होती. दोनशे पावलं बाजूला गेल्यावर मात्र आवाज उरला नाही. मिठावर अर्ध्या चंद्राचा उजेड निळसर पडतो, तो फोटोत येत नाही.

होडकोच्या भुंग्यात रात्र काढली. बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, गूळ, तूप आणि ताक.

सोमवारी सकाळी भुजकडे निघालो. बन्नीतून जाताना गाडीवाल्या भाईंनी काही न सांगता गाडी कडेला थांबवली, उतरले आणि टोपी काढून उभे राहिले. मी घड्याळ बघितलं, ८.४६. मागून येणारा टेम्पोही थांबला. आम्ही तिघंही उतरून उभे राहिलो. मुलुंडचे दादा, तुमचं लिहिलेलं वाचलं नसतं तर मी "काय झालं हो?" असं विचारून बसले असते. नंतर भुजिया डुंगरापाशीही थांबलो.

मुलुंडचा कच्छी

वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. तुमच्या बाबांना आमच्या घरचा नमस्कार सांगा.

शेवंता

गोदाकाठ, गुडघ्याचं काय झालं? आणि वाटेत स्वच्छतागृहं कशी आहेत? मला आईंना न्यायचंय, म्हणून विचारते.

गोदाकाठ

शेवंताताई, गुडघा दुसऱ्या रात्री सुजला होता. गरम पाण्याच्या पिशवीने शेकला, सकाळी ठीक. भुज, भिरंडियारा आणि खावडा इथे स्वच्छतागृह शोधून जाऊन घ्या, खावडा ते धोलावीरा मध्ये काहीही नाही. त्या टप्प्याआधी आईंना चहा देऊ नका. राहत्या जागी कमोड आहे का, हे फोन करून विचारा, आम्ही विचारलं होतं म्हणून बरं झालं.

विहीरवाला

ताई, सांडव्याचं उत्तर मिळालं का काकांना?

गोदाकाठ

त्यांच्या मते मिळालंय. जेवणाच्या बिलाच्या पाठीवर जलाशयांचा छेद काढलाय, उतार आणि पाण्याची दिशा बाणांनी दाखवलीय. एका ठिकाणी प्रश्नचिन्ह आहे, ते तुमच्यासाठी ठेवलंय म्हणाले. उद्या स्कॅन करून इथेच टाकते.